ओळीच्या शेवटची जागा

सरांचा प्रबंध परत आला तो माझ्यामुळं, आणि त्याचा दोष सहा महिने काकूंनी वाहिला. मी शेजारी बसून ते बघत होते. या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी कुणी माझ्या टायपिंगचं कौतुक केलं की मला अजून कसंसंच होतं.

मी राजापूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडं होती आणि पोरीला रोज तरीच्या होडीतून कोण पाठवणार? एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नगरला आले. आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आम्ही सरांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सर कॉलेजात गणित शिकवायचे. काकू म्हणजे त्यांची बायको, सोनईच्या, चौथी शिकलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पातेल्यात डोकावून विचारलं होतं, "नुसता भात खाऊन मानूस हुबं कसं ऱ्हातं गं?" आणि मला भाकरी थापायला शिकवली. माझ्या भाकरीला त्या "कोकणचा नकाशा" म्हणायच्या. सरांना हाका मारून दाखवायच्या, "अहो, आज रत्नागिरी आलीया बरोबर!"

टायपिंगच्या क्लासला मला काकूंनीच घातलं. म्हणाल्या, दिवसभर खोलीत बसून समुद्राची आठवण काढत ऱ्हाशील, त्यापरीस बोटं चालव. इंग्रजी मला अक्षरांपुरतं येत होतं. शब्द वाचता यायचे, अर्थ लागायचा नाही. पण बोटांचं त्यावाचून अडत नव्हतं. वर्षभरात माझा हात चांगला बसला, आणि सरांनी कॉलेजातून मोडीत निघालेलं एक मशीन आणून पडवीत ठेवलं. त्यांना प्रबंध टाईप करून हवा होता. शहरातल्या टायपिस्टनी पहिलं पान बघूनच नकार दिला होता. त्यांना इंग्रजी येत होतं, म्हणून ते गणिताला बिचकले. मला सगळंच सारखं अनोळखी. मी हो म्हणाले.

विषय होता अनंत मितींची ली अल्जिब्रा आणि त्यांचे केंद्रीय विस्तार. सर दहा वर्षं त्याच्या आसपास काम करत होते. पुण्याला त्यांचे मार्गदर्शक होते, महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन यायचे. प्रबंध मंजूर झाला की कॉलेजात विभागप्रमुखाची जागा त्यांना मिळायची होती, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

एका दुपारी मी धीर करून विचारलं, "सर, मी हे जे बडवते, ते मला कळण्यासारखं आहे का?"

सर इतके खूश झाले की खुर्चीतून उठले आणि स्वैपाकघरातून पिठाची चाळण घेऊन आले. काकू मागोमाग, हात पिठाचे.

"ही कड बघ," सर म्हणाले. "समज, हिच्यावर मुंग्यांची रांग आहे. उतरायचं नाही, कडेवरूनच सरकायचं. किती तऱ्हांनी सरकवता येतील? सगळ्या एकदम पुढं, ही एक तऱ्हा. काही ठिकाणी पुढं, काही ठिकाणी मागं, ही दुसरी. अशा तऱ्हा संपत नाहीत. म्हणून अनंत. प्रत्येक तऱ्हेला आपण एक नंबर देऊ. आता पाच नंबरची तऱ्हा आधी केली आणि मग तीनची, किंवा आधी तीनची मग पाचची. मुंग्या त्याच जागी येतील?"

"नाही येणार."

"नाही येणार! तो जो फरक, तो काढायचा. आणि गंमत अशी, की तो फरकसुद्धा याच यादीतला निघतो. पाच आणि तीनचा फरक आठ नंबरच्या तऱ्हेतच मावतो. हे झालं ली अल्जिब्रा."

काकू म्हणाल्या, "आधी चाळून मळायचं का आधी मळून चाळायचं, ह्यात फरक पडतोय हे आमच्या सोनईच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. त्याला दहा वर्सं लागत्यात व्हय?"

"मळलेलं पीठ चाळणारा माणूस कोण असतो गं?"

"तुमीच की. परवा दिवशी ताकात साय हुडकत हुता."

सर हसले आणि माझ्याकडं वळले. म्हणाले, इथवर जुनं आहे. पण दोनचार वर्षांपासून परदेशात काही लोक म्हणतायत की अणूच्या आतले कण ठिपक्यासारखे नसतील, थरथरणाऱ्या बारीक तारेसारखे असतील. त्या तारेचं गणित करताना हेच अल्जिब्रा पुढं येतं, पण फरक काढल्यावर शेवटी आणखी एक नुसता आकडा राहतो. तो मुंग्यांना हलवत नाही. त्याच्या आधी काही करा, नंतर करा, त्याला काही फरक पडत नाही. तो सगळ्यांशी जमवून घेतो. तो आकडा जोडून घेणं म्हणजे केंद्रीय विस्तार.

"मग तो प्रत्येक ओळीत का नाही?" मी विचारलं. टाईप करताना एवढं माझ्या ध्यानात आलेलं होतं.

सरांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "दोन नंबरांची बेरीज शून्य होते तिथंच तो उरतो. दोन आणि उणे दोन, तीन आणि उणे तीन. एक आणि उणे एकला तोही नाही. आणि खरी पंचाईत ही, की तो गाळून लिहिलंस तरी सूत्र आपल्यापुरतं बरोबरच असतं. कुठं काही खटकत नाही. फक्त तारेचं गणित पुढं चुकतं."

मला वाटतं, माझ्याशी कुणी असं बरोबरीनं बोललं ती पहिलीच वेळ. मी त्या दिवशी घरी पत्र लिहिलं, त्यात चाळणीचंही लिहिलं. आईला काय कळलं असेल देव जाणे.

काम करायची आमची रीत अशी. चार प्रती लागायच्या, म्हणजे वर एक कागद आणि खाली कार्बन घालून तीन. आमच्या मशीनवर चौकोनी कंस नव्हता, अधिकचं चिन्ह नव्हतं, ग्रीक अक्षरं तर कुठल्याच मशीनवर नव्हती. तिथं मोजून जागा सोडायची. खालचे बारीक आकडे रोलर अर्धं घर फिरवून मारायचे. मग सोडलेल्या जागा टाकानं, काळ्या शाईनं, चारही प्रतींवर हातानं भरायच्या.

हे भरणं काकूंचं. काकूंच्या वडलांची सोनईला कांद्याची आडत होती. लहानपणी गोण्यांवर व्यापाऱ्यांचे मार्क त्या घालायच्या, रंगात बुडवलेल्या काडीनं. सर पहिल्यांदा डेल्टा काढून दाखवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आक्षर कसलं हे? मार्क हाय. कोंब आलेला कांदा." आणि सरांपेक्षा सुबक काढून दाखवला. चारशे पानांवरचे कांदे त्यांनी एका मापाचे काढले असते. मला त्यांनीच शिकवलं, माझा हात हातात धरून. पुढं पुढं माझं चिन्ह कुठलं आणि त्यांचं कुठलं, सरांनाही ओळखू यायचं नाही. ज्या दुपारी जिला वेळ असेल तिनं बसायचं. ती आमची खरी गप्पांची वेळ. सोनईची भावकी, माझ्या सासूबाईंची पत्रं, सगळं त्या शाईच्या दौतीभोवती निघायचं. काकू दुपारच्या त्या तासासाठी सकाळपासून घाई करायच्या. माझ्या प्रबंधाला बसायचंय, म्हणायच्या.

ओळीच्या मध्ये सोडलेली जागा पडलेल्या दातासारखी दिसते, ती विसरूच शकत नाही. पण तो शेवटचा आकडा ओळीच्या शेवटी यायचा. आणि आमच्या मशीनवर अधिकचं चिन्हही नसल्यामुळं ती अख्खी शेपटी हातानंच काढायची. भरली नाही तर तिथं नुसता समास दिसणार. शेपटीत मोठा अपूर्णांक असायचा, त्याची शाई वाळायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही दोन फेऱ्या करायचो. पहिल्या फेरीत मधल्या जागा. दुसऱ्या फेरीत शेपट्या.

बहात्तर साल होतं. पाऊस नव्हता, नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि मला दोन वर्षांनी गणपतीला घरी जायला मिळणार होतं. निघायच्या दिवशी सकाळी चौथ्या प्रकरणाची तिसरी प्रत माझ्याकडं होती. काकू दारात येऊन म्हणाल्या, "ऱ्हायलंय का काई? ऱ्हाऊ दे. तू गेल्यावर मी बसते. गाडी चुकंल तुजी."

मी पानं फर्रकन चाळली. कुठं रिकामी जागा दिसली नाही.

"नाही काकू. सगळं भरलं."

शिरूरच्या स्टँडवर एसटी चहाला थांबली, तेव्हा मला एकदम वाटलं, तिसऱ्या प्रतीची दुसरी फेरी आपण केली का? आठवेना. पहिल्या प्रतीची आठवत होती, दुसऱ्या प्रतीची आठवत होती. मग वाटलं, केली असेल. मग वाटलं, सर तपासतीलच. सर फक्त वरची प्रत तपासतात हे मला माहीत होतं. समोरच्या सीटवरच्या बाई कोकणाकडंच चालल्या होत्या, त्यांनी करंज्या पुढं केल्या, आणि मी ते मनातून काढून टाकलं. काढून टाकलं म्हणजे काय, गणपतीचे सगळे दिवस ते माझ्याबरोबर होतं. कार्ड टाकायचं मनात दोनदा आलं. टाकलं नाही. मी परत आले तोवर काकूंनी उरलेलं पाचवं प्रकरण एकटीनं भरून दिलं होतं, बांधणी झाली होती, आणि प्रती विद्यापीठात गेल्या होत्या. मी विचारलंही नाही.

संक्रांतीनंतर परीक्षकाचा अहवाल आला. एक प्रतही परत आली होती. सर अंगणात उभ्यानंच वाचत होते. मी मशीनवर होते, काकू तुळशीला उरलंसुरलं पाणी घालत होत्या.

"हा माणूस म्हणतो," सर सावकाश म्हणाले, "की शीर्षकात केंद्रीय विस्तार आहे आणि चौथ्या प्रकरणात तो कुठंच नाही. उमेदवाराला आपला विषय कळला आहे का, अशी शंका त्याला येते."

त्यांनी घरातली प्रत काढली. तीत शेपट्या होत्या. परत आलेली उघडली. नऊ पानांवर नव्हत्या. बाकी सगळं ठाकठीक, प्रत्येक ओळ नीटनेटकी संपलेली. माझे हात मशीनच्या बटणांवरच राहिले.

सर काकूंना म्हणाले, "गणपतीत तूच भरत होतीस ना? ही तर गावी होती."

काकूंनी पदराला हात पुसले, प्रत घेतली, एकेक पान उलटलं. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

"भरत हुते खरी," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊन गेलं आसंल."

"चष्मा कर, चष्मा कर म्हणून किती दिवस सांगतोय तुला."

एवढंच. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगायचे. ते खरं नाही. मी भ्याले होते. खोली त्यांची, मशीन त्यांचं, कॉलेजातून मला मिळणारी इतर कामं त्यांच्या शब्दावर. आमच्या यांना सांगावं तर हे म्हणतील, उद्याच्या उद्या सामान बांध. माझ्या डोळ्यांसमोर आमची ट्रंक रस्त्यावर दिसायची. आणि मला माहीत होतं, की ती माणसं कुणाची ट्रंक रस्त्यावर ठेवणारी नव्हती. तरी.

मार्गदर्शकांनी पुण्याहून कळवलं, हातचूक असली तरी ती उमेदवाराचीच धरतात, सुधारून चारही प्रती नव्यानं द्या. विभागप्रमुखाची जागा त्या उन्हाळ्यात दुसऱ्याला गेली. सर म्हणाले, बरंच झालं, मिटिंगा वाचल्या. पण सगळी पानं नव्यानं टाईप करताना ते आता प्रत्येक कागद थेट माझ्याकडं द्यायचे. काकू जवळ येऊन बसल्या की म्हणायचे, "राहू दे गं. तू दमतेस. हिचं काम चोख आहे."

काकू उठून जायच्या. दुपारच्या त्या तासात त्या नळावर नंबर लावायला जाऊ लागल्या. रेशनवर तांबडी मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची, ती निवडत मागच्या दारी बसायच्या. आणि मी पडवीत एकटी, त्यांनी शिकवलेल्या हातानं, चार प्रतींवर कांदे काढत होते. एकही चूक होऊ दिली नाही. चूक न होण्याची मला लाज वाटायची, पण चूक करण्याचीही हिंमत नव्हती. काकू माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायच्या. भाकरी करपली की हसायच्या. फक्त नकाशाचं म्हणायच्या नाहीत.

जुलै उजाडला तेव्हा टाईप करायचं शेवटचं पान राहिलं, ऋणनिर्देशाचं. पहिल्या प्रबंधात त्यात एक ओळ होती, की या प्रबंधातलं प्रत्येक चिन्ह माझ्या पत्नीच्या हातचं आहे. मी तेव्हा अर्थ न कळता टाईप केलेली. आता सरांनी नवा मसुदा दिला आणि कौतुकानं मराठीत अर्थही सांगितला. काकूंची ओळ नव्हती. तिच्या जागी माझं नाव होतं, आणि पुढं, जिनं हे काम निर्दोष केलं.

मी कागद चढवला. मार्गदर्शकांचं झालं, कॉलेजचं झालं, ग्रंथालयाचं झालं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर मारलं आणि मला पुढं जाता येईना.

"सर," मी म्हणाले, "ते मी होते. गणपतीच्या आधी. तिसरी प्रत."

सरांनी चष्मा काढला. "कधी कळलं तुला?"

"शिरूरला. गाडी थांबली होती तेव्हा."

"शिरूरला पोस्ट आहे की गं," सर म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी काढलेला चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला सांगून काय करतेस? मी काय, एक वर्ष गेलं. मी तिला..." आणि थांबले. "आत जा."

काकू मागच्या दारी सुपात मिलो घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठावं हाय."

"केव्हापासून?"

"तवाच. तिसऱ्या परतीला मी हातबी लावला न्हवता. तू म्हनलीस समदं भरलं, म्हनून म्या उघडून बघितली न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, काकू?"

"तू बोलशील म्हनून." खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला. "आज बोलंल, उंद्या बोलंल. पोर लांबून आलीया, भ्याली आसंल, बोलंल दोन दिसांनी. सा म्हयने झालं."

मला रडू फुटलं.

"रडू नगं," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "माझ्या म्होरं रडू नगंस. जागा गेली त्यांची, त्यांचं ते बघत्याल. माझ्या हातातनं काढून घेतलं त्यांनी ते, अन् तू थितंच बसून भरत हुतीस. माझ्या देखत. लई वंगाळ वाटायचं गं मला. कुनाला सांगू?"

सर दारात येऊन उभे होते. किती वेळ, ठाऊक नाही. ते काकूंना अपराध्यासारखं म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. नुसतं धरून चाललो. चल, अजून चौथ्या प्रतीच्या शेपट्या राहिल्यात. तू भर. आणि तुझी ओळ मी परत घालतो."

"नगं."

"अगं, पण तुझंच आहे ते सगळं. हिला शिकवलंस तूच."

"आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. हात थरथरतोय."

हात थरथरत नव्हता. त्याच हातानं त्या बारीक मिलोतून त्याच रंगाचे खडे वेचत होत्या.

"मग निदान नाव..."

"लिवायचंच आसंल तर दोघींचंबी लिवू नका."

सरांनी मसुद्यावर पेन्सिलीची रेघ मारली. मी पडवीत जाऊन चढवलेला कागद काढला, नवा चढवला, आणि ते पान पुन्हा केलं. ग्रंथालयाच्या ओळीशी संपलं. चौथ्या प्रतीच्या शेपट्याही मीच भरल्या, पाणी आलं म्हणून काकू नळावर गेल्या होत्या तेव्हा.

प्रबंध मंजूर झाला. आम्ही त्या खोलीत आणखी सात वर्षं राहिलो. माझं पहिलं बाळंतपण काकूंनी केलं, कारण कोकणात जायचं जमलं नाही. डिंकाचे लाडू केले, बाळाला न्हाऊ घातलं, मला रागं भरलं, सगळं केलं. सरांचे पुढचे निबंध मी टाईप करायचे. प्रत्येक वेळी चिन्हं भरायची वेळ आली की मी दारात जाऊन विचारायचे, "काकू, येताय का बसायला?"

"तूच कर," त्या म्हणायच्या. रागानं नाही. हातात काहीतरी काम असायचंच.